प्रूफवर माझी सही आहे

लग्नपत्रिकेत सगळ्यात अवघड काय असतं, असं मला कुणी विचारलं तर मी सांगेन, नावं. मुहूर्त भटजी देतात, हॉलचा पत्ता ठरलेला असतो, गणपतीची चित्रं कॉम्प्युटरमध्ये भरपूर आहेत. भांडण होतं ते नावांवरून. कुणाचं आधी, कुणाचं नंतर, कुणाचं मोठ्या अक्षरात आणि कुणाचं राहूनच गेलं.

या अंकात आपल्या कामाबद्दल सहसा तीस-तीस वर्षं काम केलेली माणसं लिहितात, हे मला माहीत आहे. माझं काम चार वर्षांचं, तेही अर्ध्या दिवसाचं. सकाळी सौंसरच्या कॉलेजात बसायचं, दुपारी बसस्टँडजवळच्या छपाईच्या दुकानात कॉम्प्युटरवर पत्रिका जुळवायच्या आणि संध्याकाळच्या बसनं रामाकोन्याला घरी जायचं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. त्यामुळे लिहिताना अजूनही वाटतं, की कुणीतरी मागून येऊन विचारेल, तुला कुणी सांगितलं लिहायला? पण एक गोष्ट मला लिहिलीच पाहिजे, म्हणून लिहिते.

आमच्या दुकानाचे मालक मधुकरकाका. त्यांचा एक नियम आहे. पत्रिका जुळवून झाली की एक प्रत साध्या कागदावर काढायची. तिला प्रूफ म्हणतात. ते प्रूफ गिऱ्हाइकाला मोठ्यानं वाचून दाखवायचं. मग काका चष्मा कपाळावर ढकलून विचारतात, "कोणी राहिलं का?" गिऱ्हाईक म्हणतं, नाही. "आठवून सांगा. घरी फोन लावा." मग फोन होतो आणि हमखास एखादी आत्या किंवा एखादा जावई निघतो. शेवटी प्रूफवर सही घ्यायची. सही नाही तर मशीन चालू नाही. छापून झाल्यावर कुणी भांडायला आलं की काका बोलत नाहीत, सहीचा कागद पुढे करतात.

पांढुर्ण्याच्या दोन भावांची गोष्ट मी कॉलेजात सगळ्यांना सांगते. धाकट्याच्या मुलाचं लग्न होतं. मोठा म्हणाला, वयानं मी मोठा, माझं नाव वर. धाकटा म्हणाला, पोरगा माझा, मग माझं वर. दोन दिवस दुकानात येऊन भांडले. काकांनी मला सांगितलं, "कांचन, नावं गोल लाव. गणपतीच्या भोवती. ज्याले जिथून वाचाचं तिथून वाचंन." मी दुपारभर खपून सगळी नावं गोल बसवली. फार सुंदर दिसत होतं. दोघं खूश होऊन घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठा भाऊ हजर.

"मधुकरभौ, बाराच्या काट्यावर त्याचं नाव कसं काय?"

"कोणत्या काट्यावर?"

"वरती, बरोब्बर मधात. बाराच्या जागेवर. मी इकडं चारच्या जागेवर येऊन राहिलो."

काका म्हणाले, "मंग घड्याळ उलटं टांगा ना घरी."

ती पत्रिका शेवटी साध्या ओळींत छापली. कुणाचं नाव वर गेलं ते मी सांगत नाही, कारण दोघंही अजून आमच्याकडेच येतात.

हसण्यासारखं असं पुष्कळ आहे. पण नावांच्या कामात मी हळूहळू एक गोष्ट शिकले. कुणी शिकवली नाही, हातालाच सवय झाली. वरच्या बाजूला 'कै.' लावून वारलेल्या आजी-आजोबांची नावं येतात, त्यांच्या आशीर्वादानं लग्न होतं म्हणून. मग पुरुष, मग 'सौ.' लावून बायका. या सगळ्यात एक बाई बसत नाही. जिचा नवरा गेला आणि जी स्वतः अजून आहे, ती. सगळ्याच घरांत असं नाही. काही घरं आईचं नाव 'श्रीमती' लावून अगदी वर घालतात, आणि मला ते जुळवताना बरं वाटायचं. पण बऱ्याच घरांत यादीतच ते नाव नसायचं. पहिल्या वर्षी मी विचारायची. "आई नाहीत का?" समोरचा म्हणायचा, "आहे ना. पण शुभ काम हाये." नंतर मी विचारणं सोडून दिलं.

आमच्याही घरात अशी एक बाई होती. माझ्या बाबांच्या मोठ्या भावाची बायको. आमच्याकडे तिला मोठी आई म्हणतात. मोठे बाबा मी जन्मायच्या आधीच गेले. त्यांना मूलबाळ नव्हतं. मोठी आई आमच्यातच राहिली.

बारावी झाल्यावर बाबा म्हणाले होते, पुरे. वावरात कापूस फुटलेला, वेचायला माणूस मिळत नाही, आणि ही बसमध्ये बसून सौंसरला जाणार. बाबा वाईट नाहीत. त्यांना खरंच प्रश्न पडला होता. मोठी आई तेव्हा चुलीपुढे होती. तिनं मान वळवली नाही. म्हणाली, "हिच्या वाट्याचं मी वेचतो. जाऊ दे तिले."

बाबा म्हणाले, "वहिनी, तुमाले आपल्याच वाट्याचं वेचनं होत नाही आता."

"मंग हळू हळू वेचीन. कापूस का पळून चालला?"

त्या हिवाळ्यात ती कापूस भरायला कमरेला दोन ओट्या बांधून वावरात जायची. एक भरली की दुसरी. संध्याकाळी घरी आल्यावर बोटांच्या पेरांना तेल लावत बसायची, कारण बोंडाची वाळलेली टोकं टोचतात. मी अभ्यास करायची म्हणून तिनं हे केलं असं सगळ्यांना वाटायचं. तिला एकटीला माहीत होतं की मी अभ्यासाच्या वहीत मागच्या बाजूनं गोष्टी लिहिते.

कापूस घरी आला की आमची मधली खोली छतापर्यंत भरते. त्या ढिगावर बसून मी लिहायची. मऊ असतं, पण वही ठेवायला टणक काही लागतं. मोठी आईनं भाकरी थापायची जुनी लाकडी काठवट आणून दिली. ती मांडीवर पालथी घालून मी माझ्या पहिल्या सगळ्या गोष्टी लिहिल्या. लिहून झालं की तिला वाचून दाखवायची. ती उंबऱ्यात बसून डागी कापूस वेगळा काढत ऐकायची.

ती कधी छान म्हणाली नाही. एकदा मी एक फार दुःखाची गोष्ट वाचली. तिच्यात एका बाईचा मुलगा शहरात जातो आणि परत येत नाही. बाई रडत बसते आणि गोष्ट संपते. मला वाटलं मोठी आईच्या डोळ्यांत पाणी येईल. ती म्हणाली, "रडली. मंग?"

"मंग काय? संपली."

"त्या दिवशी चूल कोणं पेटवली?"

मी म्हटलं, "ते गोष्टीत नाही."

"तुह्या गोष्टीत कोणी जेवतच नाही वो. मांगच्या गोष्टीतबी तो म्हातारा सकाळपासून उपाशीच होता. रडून झाल्यावर बाई काय करते ते लिहाव ना. रडाचं त सगळ्याइलेच माहीत हाये."

मला राग आला होता. दोन दिवसांनी मी ती गोष्ट पुन्हा लिहिली. आज माझ्या पुस्तकातली लोकांना आवडलेली गोष्ट तीच आहे. आमच्या कॉलेजच्या मॅडम म्हणाल्या, शेवटी ती बाई पीठ मळायला घेते ते वाचून अंगावर काटा आला. ते पीठ माझं नाही.

आता लोधीखेड्याच्या बाईंबद्दल सांगायला हवं.

त्यांच्या मुलीचं लग्न होतं. नवरा पाच-सहा वर्षांपूर्वी गेलेला. त्या एकट्याच दुकानात आल्या. यादी स्वतःच्या अक्षरात लिहून आणली होती. वाचता वाचता मी थांबले, कारण निमंत्रण देणाऱ्यांत पहिलं नाव त्यांचंच होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "हाव, बरोबर हाये. मीच बोलावून राहिली ना सगळ्याइले? मंग माह्यं नाव नाही त कोणाचं टाकशीन?"

मला त्या फार आवडल्या. मी त्यांचं नाव थोड्या मोठ्या अक्षरात लावलं. प्रूफ पाहायला मात्र दुसऱ्या दिवशी त्यांचे दीर आले. काका त्या दिवशी कागद आणायला नागपूरला गेले होते. दिरांनी प्रूफ हातात घेतलं आणि सरळ बोट ठेवलं. "हे काहाडा. इथं माह्यं टाका."

मी म्हटलं, "पण त्यांनीच सांगितलं होतं."

"पोरीचं लग्न हाये, काही वेडंवाकडं झालं त तुमी येसान का?"

मी कॉम्प्युटरसमोर बसले. एक कळ दाबून धरली, की अक्षरं शेवटाकडून एकेक जातात. त्यांचं नाव तसं गेलं. दिरांनी सही केली.

पत्रिका न्यायला त्या बाई आल्या. गठ्ठ्यातली एक काढून वाचली. मी खाली पाहत होते. "माह्यं नाव?" त्यांनी विचारलं.

"तुमचे दीर आले होते..."

"बरं," त्या म्हणाल्या. पत्रिका पिशवीत भरल्या. जाताना पायरीवर थांबून म्हणाल्या, "तू कायले तोंड पाडून राहिली? तुह्यं का काम होतं त्यात." आणि गेल्या.

संध्याकाळी मी हे घरी सांगितलं. आई म्हणाली, जाऊ दे, त्यांच्या घरचं ते पाहतील. मोठी आईनं फक्त एवढं विचारलं, "काहाडलं कोणं? तुनं?"

"हाव," मी म्हटलं. "मीच."

ती माझ्या ताटात वरण वाढून तिच्या जागेवर जाऊन बसली.

पुढच्या वर्षी माझं पुस्तक निघालं. पुस्तक म्हणायला मला संकोच वाटतो, आठ गोष्टी आहेत. ते काकांच्या डोक्यातून निघालं. पावसाळ्यात लग्नं नसतात, दुकान रिकामं असतं, तेव्हा ते मला माझ्या गोष्टी टाइप करू द्यायचे. एक दिवस चष्मा वर ढकलून म्हणाले, "अबे, हे त पुस्तक होऊन राहिलं." लग्नपत्रिकांचा पिवळा जाड कागद उरला होता, त्याचं कव्हर केलं. आतला कागद साधा. मशीन त्यांनी स्वतः चालवलं.

सगळं झाल्यावर काका म्हणाले, सुरुवातीला आभाराचं पान टाक, पुस्तकात असते. मी घरी जाऊन मोठी आईला सांगितलं. ती गोठ्यात होती. मी म्हटलं, "मोठी आई, तुह्यं नाव टाकून राहिली मी पुस्तकात. सगळ्यात वरती."

तिनं शेणाचे हात तसेच ठेवले. म्हणाली, "माह्यं नको."

"काउन?"

"पहिलं पुस्तक हाये तुह्यं. शुभ काम हाये. तुह्या बाबाचं टाक, आईचं टाक. मॅडमचं टाक. माह्यं राहू दे."

"मी नाही मानत हे."

"मी मानतो ना," ती म्हणाली आणि पुन्हा खाली वाकली.

मी आणखी बोलायला हवं होतं. मी रोज पाहत होते की लोक एका नावासाठी दोन-दोन दिवस भांडतात. मी दोन मिनिटंसुद्धा भांडले नाही. खरं सांगायचं तर थोडं सुटल्यासारखंही वाटलं. पुस्तकाच्या कार्यक्रमाला आमचे नातेवाईक येणार होते, आत्या येणार होती. कुणी काही बोललं असतं तर मला उत्तर देता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी ते पान जुळवलं. आता पाहते तेव्हा दिसतं की ते हुबेहूब लग्नपत्रिकेसारखं झालं आहे. वर प्राचार्य, मग मॅडम, मग मधुकरकाका, मग बाबा, मग आई. शेवटची ओळ 'आणि घरची समस्त मंडळी'. काकांनी माझंही प्रूफ काढलं. मला मोठ्यानं वाचायला लावलं, आणि गिऱ्हाइकाला विचारतात तसंच विचारलं, "कोणी राहिलं का?"

मी म्हटलं, "नाही."

"आठवून सांग."

"नाही, काका." आणि मी सही केली.

कार्यक्रमाला मोठी आई आली नाही. म्हैस नुकतीच व्यायली होती, ते कारण होतं. संध्याकाळी मी पुस्तक घेऊन घरी आले, तेव्हा ती हात धुऊन, लुगड्याला पुसून तयार बसली होती. पुस्तक हातात घेऊन तिनं आधी कव्हरचा वास घेतला. म्हणाली, "वाच."

मी पहिली गोष्ट काढली. "तसं नाही. सुरुवातीपासून वाच. आभाराचं म्हणे हाये ना."

मी वाचलं. सगळी नावं. 'घरची समस्त मंडळी' म्हणताना माझा आवाज हळू झाला. ती म्हणाली, "झालं?"

"झालं."

"बढिया हाये." तिनं पुस्तक माझ्याकडून घेतलं आणि त्याच पानावर बोट ठेवलं. ओळीवरून बोट सावकाश सरकवलं, मग खालच्या ओळीवर, मग त्याच्या खालच्या. पान संपलं तेव्हा तिनं पुन्हा वरून सुरुवात केली.

मोठी आई शाळेत गेलेली नव्हती. गावातल्या बचत गटात सही लागायची म्हणून माझ्या आईनं तिला तिचं नाव गिरवायला शिकवलं होतं. तीन अक्षरं. तिला जगातला तेवढा एकच शब्द वाचता येत होता. मी बाजूला बसून ते बोट पाहत होते. तिनं नको म्हटलं होतं, आणि तरी ती शोधत होती.

तिनं पुस्तक मिटलं, देवाजवळ नेऊन ठेवलं आणि विचारलं, "जेवली का तू तिकडं?"

ती गेल्या उन्हाळ्याआधी गेली. साखरेचा त्रास होता, ती सांगायची नाही. पायाची जखम वाढली तेव्हा नागपूरला नेलं. तिथून ती घरी परत आली नाही. दवाखान्यात एकदा मी एकटी तिच्याजवळ होते. मला सांगायचं होतं की मोठी आई, माझं चुकलं. तिनं विचारलं, नवीन काही लिहिलं का? मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "मंग इथं कायले बसून राहिली? घरी जाऊन लिहाव ना." मी मान हलवली. सांगायचं राहून गेलं.

तेरवीचं कार्ड मी जुळवलं. काका म्हणत होते, तू राहू दे, मी करतो. मी ऐकलं नाही. तिचं नाव मध्यभागी, सगळ्यात मोठ्या अक्षरात, फुलांच्या चौकटीत. ते जुळवताना माझ्या लक्षात आलं की तिचं नाव छापलं जाण्याची ही पहिलीच वेळ आहे.

कार्डाचा गठ्ठा घेऊन घरी गेले आणि आईपुढे रडले. म्हटलं, मी तिचं ऐकायलाच नको होतं. आईनं गठ्ठा माझ्या हातातून घेऊन बाजूला ठेवला. मग म्हणाली, "मी म्हटलं होतं तिले तवा. म्हटलं, जाऊबाई, पोट्टी म्हणून राहिली त हो म्हणा. त म्हणे कशा, घरातलं कोणी ना कोणी बोलंनच. आत्याबाई बोलतीन, नाही त कोणी भाऊबंद बोलंन. मंग कांचनले आपल्या हातानं माह्यं नाव काहाडा लागंन. त्या लोधीखेड्याच्या बाईचं काहाडून आली त दोन दिवस धड जेवली नाही पोट्टी. माह्यं काहाडलं त लिहिनंच सोडून देईन."

शुभ-अशुभ तिनं मानलं असेल किंवा नसेल, मला आता कळायला मार्ग नाही. नको म्हणताना तिच्या डोक्यात माझं लिहिणं होतं, एवढं कळलं.

मी बाबांना विचारलं, "तुम्ही काढायला लावलं असतं का?" बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "माहीत नाही बाई," म्हणाले. "नसतं लावलं. पण माहीत नाही."

काका म्हणाले, आभाराचं पान नवीन छापून देतो, जुनं फाडून ते चिकटवू. मी नको म्हटलं. पान आहे तसंच राहू दे, त्या प्रूफवर माझी सही आहे. दुकानात जी पुस्तकं उरली होती, ती मी एकेक उघडून त्यांच्यात पेनानं नाव लिहिलं. आठवडाभर दुपारी गिऱ्हाईक नसताना तेच करत होते. पण जी आधीच गेली, ती सौंसर, पांढुर्णा, लोधीखेडा, कुठे कुठे लोकांच्या घरी आहेत. त्यांच्यापर्यंत मी पोचू शकत नाही, म्हणून या अंकात लिहिलं.

पिवळ्या कव्हरचं ते लहान पुस्तक कुणाकडे असेल तर तिसरं पान काढा. प्राचार्यांच्या नावाच्या वर बोटभर जागा मोकळी आहे. तिथं लिहा, कुसुम. आधी 'सौ.', 'श्रीमती', 'कै.' काही लावू नका. फक्त नाव लिहा, आणि अक्षर जरा सुटं काढा.